नोकरी सोडू का? आखाजी ते आखाजीचा हिशेब

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण. गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.)



आपल्या खानदेशात आखाजी म्हटली की माहेर, झोके, गाणी आणि सांजोऱ्या आठवतात. पण शेतीच्या घरात त्या दिवशी आणखी एक काम असतं. सालदाराचं साल आखाजीला संपतं. उचल किती घेतली, फिटली किती, राहिलं किती, याचा हिशेब होतो. मग त्याच मालकाकडे राहायचं की दुसरा धरायचा, ते ठरतं. हिशेब झाल्यावर सालदार दुसरीकडे गेला तर त्याला कोणी नावं ठेवत नाही.

बाईच्या कामाला अशी आखाजी नसते. ती जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात जाते, रावेर-यावलकडे केळीच्या पॅकिंगला जाते, दोंडाईच्याला मिरचीचे देठ खुडते, खासगी शाळेत शिकवते, अंगणवाडीत मदतनीस असते. वर्षामागून वर्षं जातात. मनात एकच विचार घोळत राहतो, "काम करते, पण मन लागत नाही. सोडून आपलं काहीतरी सुरू करावं का?" हा प्रश्न कोणाला विचारायची सोय नसते. घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको." मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणते, "सोड, हिंमत कर."

दोन्ही उत्तरं प्रेमाची आहेत, पण दोन्हींत हिशेब नाही. म्हणून आज आपण या प्रश्नाचा हिशेब मांडू या.

मन लागत नाही, म्हणजे नेमकं काय?

पहिली गोष्ट. कामावर मन न लागणं म्हणजे माज नाही. "लोकांना काम मिळत नाही आणि हिला मिळालेलं नको" असं कोणी म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नका. पण आपल्याला नेमकं काय नको आहे, हे मात्र स्वतःशी स्पष्ट करा. कारण दुखणं वेगळं, तर औषधही वेगळं.

एक, काम नको असतं. दिवसभर तेच ते, शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. अशा वेळी काम बदलण्याचा विचार खरा आहे.

दोन, काम चालतं, पण माणसं किंवा वेळ नको असते. मुकादम तोडून बोलतो, पाळी अशी की मुलं शाळेतून येतात तेव्हा घरात कोणी नसतं. इथे धंदा सुरू करणं हा उपाय नसू शकतो. पाळी बदलून मागणं, दुसऱ्या खात्यात जाणं, तेच काम दुसऱ्या मालकाकडे करणं, यानेही प्रश्न सुटतो. आपल्याला शिवणकाम आवडतं की नाही हेही माहीत नसताना, केवळ मुकादमाच्या रागाने शिलाई मशीनसाठी कर्ज काढू नये.

तीन, पैसा कमी पडतो. मग आधी आपल्या कामाचं किमान वेतन किती ठरलं आहे, ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी कामगार खात्याचं कार्यालय आहे. हक्काचं वेतनच मिळत नसेल तर ते मागणं ही पहिली पायरी.

चार, शरीर साथ देत नाही. डाळीच्या धुळीने खोकला, मिरचीच्या खाटाने डोळ्यांची आग, दहा तास उभं राहून पायांना सूज. हे दुखणं पुढे ढकलू नका. आधी डॉक्टर, मग हिशेब.

आणि पाचवी गोष्ट या चारांपेक्षा वेगळी आहे. कामाच्या जागी कोणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर तिथे "आधी पैसे साठवू, मग बघू" हा नियम लागू नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असायलाच हवी. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तिथे एक दिवसही सोसायचं कारण नाही. गटाने अशा ताईच्या पाठीशी उभं राहायचं.

पगाराचे दोन आकडे

आता ज्या ताईला खरोखर काम बदलायचं आहे, तिच्याकडे येऊ. ती म्हणते, "मला हातात पडतात किती? दहा हजार. तेवढे तर मी घरी बसून बिबडे-पापड करून मिळवीन."

इथेच गल्लत होते. पगाराचे दोन आकडे असतात. एक हातात पडणारा आणि एक न दिसणारा. सोपा हिशेब करू. समजा, कारखान्यात पगार १३,००० रुपये आहे, म्हणजे २६ दिवसांचे रोज ५०० रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीएफचे, १२ टक्के कापले जातात, १,५६० रुपये. ईएसआयचे पाऊण टक्का, सुमारे ९८ रुपये. हातात आले ११,३४२. गावाहून जाण्या-येण्याचे महिन्याला १,३०० गेले असं धरू. राहिले साधारण दहा हजार. ताईचा आकडा बरोबर आहे.

पण न दिसणारा भाग पाहा. कापलेले १,५६० कुठे गेले नाहीत, ते तिच्याच नावावर आहेत. तेवढेच आणखी मालकाने भरायचे असतात. त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो. ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४२३ रुपये, मालक भरतो. आणि ग्रॅच्युइटी. कायम कामगाराची सलग पाच वर्षं झाली की दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो. ५०० रुपये रोजाने वर्षाचे ७,५०० झाले, महिन्याला ६२५. आता १३,००० अधिक १,५६० अधिक ४२३ अधिक ६२५, एकूण १५,६०८. प्रवासाचे १,३०० वजा केले तरी उरतात १४,३०० च्या आसपास.

म्हणजे ही नोकरी दहा हजारांची नाही, सव्वाचौदा हजारांची आहे. शिवाय ईएसआयमुळे घरच्यांचा दवाखाना होतो, आणि अटी पूर्ण असतील तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते.

आता कोणी म्हणेल, "आमच्याकडे पीएफही नाही, ईएसआयही नाही." मग तुमचे दोन्ही आकडे एकच, आणि बदलण्यात गमवायचं कमी. पण आधी खात्री करा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पीएफ आणि दहा किंवा जास्त असलेल्या ठिकाणी ईएसआय साधारणपणे लागू असतं. पगारातून कापतात आणि पावती दाखवत नाहीत, असं असेल तर युएएन क्रमांक मागा. तो तुमचा हक्क आहे.

अंगणवाडीच्या ताईंसाठी वेगळी नोंद. मानधन कमी वाटतं, काम वाढतच जातं, हे खरं आहे. पण हे पद त्याच गावच्या रहिवासी बाईला मिळतं, आणि गावात ते क्वचितच रिकामं होतं. एकदा राजीनामा दिला की पुन्हा ते पद मिळेल, असं धरू नका. कारखान्याची नोकरी सोडली तर दुसरा कारखाना असतो. दुसरी अंगणवाडी नसते.

नव्या कामाचं उत्पन्न, महिन्याचं नाही, वर्षाचं

आता दुसरं पारडं. समजा, ताईच्या हाताला चव आहे. ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, कुरडया. मार्च महिन्यात तिने २०,००० रुपयांचा माल विकला. गल्लीत बोलबाला झाला, "महिन्याला वीस हजार कमावते!"

थांबा. वीस हजार ही विक्री आहे, कमाई नाही. ज्वारी, नागली, गहू, तेल, मसाला यांचे ९,००० गेले. दळण, गॅस, पिशव्या यांचे २,५००. बाजारात नेण्या-आणण्याचे १,०००. उरले ७,५००. शेजारणीला मदतीला घेतलं असेल तर तिची मजुरी अजून द्यायची आहे, आणि उधारी वसूल व्हायची आहे. तरी आपण ७,५०० धरू.

आता कळीची गोष्ट. हे काम किती महिने चालतं? आपल्याकडे वाळवणाचा हंगाम फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत. चार महिने. चार गुणिले ७,५००, तीस हजार. ते बारा महिन्यांवर पसरवले तर महिन्याला अडीच हजार. एका पारड्यात सव्वाचौदा हजार आणि दुसऱ्यात अडीच हजार. मार्चमधली बरकत पाहून एप्रिलमध्ये राजीनामा दिला, तर जूनमध्ये काय होईल? जून म्हणजे बियाणं-खताचा खर्च, शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, आणि बाहेर पाऊस. वाळवण बंद. घरात सगळ्यात जास्त खर्चाचे आणि सगळ्यात कमी आवकीचे महिने नेमके तेच.

याचा अर्थ पापड करू नका, असा नाही. याचा अर्थ एवढाच, की नोकरी सोडण्याइतकं ते काम अजून मोठं झालेलं नाही. त्याला हिवाळ्याची आणि पावसाळ्याची जोड हवी. आपल्याकडे हिवाळ्यात भरिताच्या वांग्यांचा बहर असतो. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भरीत आणि कळण्याची भाकरी यांच्या ऑर्डरी, कळण्याचं पीठ दळून देणं, ही थंडीतली कामं. मिरची नवी असताना घेऊन ठेवली तर मसाले आणि तिखट पावसाळ्यातही विकता येतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवून देणं चालतं. तीन हंगामांची तीन कामं एका बाईने करणं अवघड आहे, पण गटातल्या तिघींनी वाटून घेणं शक्य आहे.

लिज्जतचा पहिला पावसाळा

लिज्जत पापडाचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पुडे तयार झाले. आज त्या श्री महिला गृह उद्योगात हजारो बहिणी काम करतात, ही गोष्ट सगळे सांगतात. पण पहिल्या पावसाळ्याची गोष्ट फार कमी जण सांगतात.

पहिल्या पावसाळ्यात त्यांना काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा. असे पापड वाळवले आणि पावसाळ्यातही काम चालू ठेवलं. पहिल्या वर्षाची त्यांची एकूण विक्री होती ६,१९६ रुपये.

यात आपल्यासाठी तीन गोष्टी आहेत. पहिली, एवढ्या मोठ्या संस्थेचंही पहिलं वर्ष अर्धवट गेलं. दुसरी, कर्ज लहान होतं. चार महिने काम बंद राहिलं तरी ८० रुपयांनी कोणाचं घर बुडलं नाही. लाखभर उचलले असते तर त्या चार महिन्यांचे हप्ते कोणी भरले असते? तिसरी, अडचण काय आहे हे पहिल्या वर्षी कळलं, म्हणून दुसऱ्या वर्षी उपाय सापडला. पावसाळा पाहिल्याशिवाय खाट आणि स्टोव्ह कसे सुचणार?

म्हणून आजच्या भाषणाचं सार एका वाक्यात सांगते. एक साल दोन्ही करा, आणि मगच सोडा.

आखाजी ते आखाजी

आपलं नवं काम एका आखाजीला लहान प्रमाणात सुरू करा आणि पुढच्या आखाजीपर्यंत नोकरी चालू ठेवा. या एका सालात सगळे हंगाम दिसतात. पेरणीची ओढाताण, श्रावण, दिवाळीची मागणी, कापूस वेचणीच्या दिवसांत मदतीला बाई न मिळणं, लग्नसराई आणि वाळवण. कोण गिऱ्हाईक पुन्हा येतं, कोण उधारी बुडवतं, तेही कळतं.

या सालात तीन नियम पाळा.

पहिला नियम, वही. रोज दोन ओळी. आज आलं किती, गेलं किती. नवऱ्याने दुकानातून आणलेलं तेल आणि घरची ज्वारीसुद्धा बाजारभावाने खर्चात लिहा. नाहीतर घरातलं धान्य धंद्यात जातं आणि नफा झाल्यासारखं वाटतं.

दुसरा नियम, गाठ. नव्या कामाची पहिल्या सालाची कमाई घरात खर्च करायची नाही. घर तर पगारावर चालतंच आहे. ही कमाई वेगळ्या खात्यात टाका. आपल्या उदाहरणात वर्षाला तीस हजार निघाले होते. या ताईच्या पगारातून घरात दरमहा आठ हजार लागत असतील, तर हे तीस हजार म्हणजे जवळपास चार महिन्यांचा आधार. पावसाळ्याचे चार महिने. घरात दुसऱ्या कोणाचा बांधलेला पगार असेल तर एवढी गाठ पुरते. घर तिच्या एकटीच्या पगारावर असेल, किंवा दुसरं उत्पन्न फक्त कोरडवाहू शेतीचं असेल, तर गाठ सहा महिन्यांची हवी. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये या गाठीत धरू नका. आले तर चांगलंच. पण योजनेच्या अटी बदलतात, हप्ता मागेपुढे होतो. पाया आपल्या कमाईचा असावा.

तिसरा नियम, दोन रेघा. वहीच्या पहिल्याच पानावर दोन आकडे लिहा. खालची रेघ म्हणजे पगाराचे हातात उरणारे पैसे गुणिले बारा. आपल्या उदाहरणात १,२०,०००. वरची रेघ म्हणजे न दिसणाऱ्या भागासकट, १४,३०० गुणिले बारा, १,७१,६००. साल संपल्यावर नव्या कामाची निव्वळ कमाई पाहा. पण तुम्ही ते काम अर्धवेळ केलं आहे, हेही लक्षात घ्या. पूर्ण वेळ दिला तर किती वाढेल, याचा अंदाज हाती आलेल्या ऑर्डरींवरून करा, मनातल्या आशेवरून करू नका. तो अंदाज खालच्या रेघेच्याही खाली असेल तर अजून सोडू नका. दोन रेघांच्या मध्ये असेल तर सोडता येईल, पण दवाखाना आणि म्हातारपण यांची सोय आता आपली आपल्याला करायची आहे, हे समजून सोडा. वरच्या रेघेवर असेल तर निर्धास्त मनाने पुढे जा.

हे ऐकायला सोपं आहे. करायला अवघड आहे, हे मलाही माहीत आहे. कारखान्यातून आल्यावर स्वयंपाक, धुणं, गुरं, आणि वरून हे. एका बाईच्या दिवसात तास वाढत नाहीत. म्हणून घरात आधी बोला. "मी वर्षभर हे करून पाहणार आहे. संध्याकाळचं दूध काढणं तुम्ही करा, मुलीइतकंच मुलानेही भांडी घासावीत." वर्षाची मुदत ठरलेली असेल तर घरचेही मदतीला तयार होतात. आणि काहीच शक्य नसेल, तर काम आणखी लहान करा. आठवड्यातला एकच दिवस. पण साल पूर्ण करा.

ज्या ताई रोजंदारीवर जातात त्यांना राजीनामा द्यायचा नसतो. त्यांनी दिवस हळूहळू कमी करावेत. सहाचे पाच, पाचाचे चार. आणि ज्या कुटुंबांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्यांचं पहिलं काम उचल फेडणं. उचल डोक्यावर असताना दुसरं कर्ज काढून धंदा सुरू केला, तर दोन्हीकडून ओढ बसते.

कर्ज आणि अनुदान

कर्ज वाईट नसतं. पण वेळ आणि आकार चुकला तर ते गळ्याशी येतं.

सगळ्यात आधी गटातलं अंतर्गत कर्ज. शेकडा दोन रुपये म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे लक्षात ठेवा. मात्र ते व्याज आपल्याच गटात राहतं आणि रक्कम लहान असते, म्हणून चाचणीच्या सालासाठी ते बरं. उमेद अभियानातल्या गटांना बँकेकडून तीन लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के व्याजाने मिळण्याची तरतूद आहे, आणि बचत गटाला १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एकटीने धंदा करायचा असेल तर २०१५ पासून मुद्रा योजना आहे. त्यातल्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. हे ऐकून अनेकींना वाटतं, अनुदान आधी हातात येईल. तसं होत नाही. आधी कर्ज मंजूर व्हावं लागतं. अनुदान बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात आणि धंदा चालू असेल तर नंतर कर्जात वळतं करतात. तोपर्यंतचे हप्ते आपल्याच कमाईतून जातात. म्हणून "अनुदान मिळतंय" हे नोकरी सोडायचं कारण होऊ शकत नाही.

आणि आठवड्याच्या हप्त्याच्या फायनान्स कंपन्या. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम कर्ज देणाऱ्यांसाठी आहे. ती शेवटची मर्यादा झाली. धंदा नवा असताना आपली मर्यादा त्याच्या बरीच खाली हवी. नोकरी सोडण्याआधी जुने हप्ते जेवढे संपवता येतील तेवढे संपवा.

काम शिकायचं असेल तर जिल्ह्यात अग्रणी बँकेतर्फे चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहणं-जेवणही तिथेच. कोणत्या महिन्यात कोणता वर्ग आहे ते गटाच्या सीआरपी ताईला विचारा. खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी करा. उद्यम नोंदणीला काहीच शुल्क नाही. एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

सोडायचं ठरलंच, तर

साल पूर्ण झालं, आकडा रेघेवर आला, गाठ बांधली गेली. आता सोडतानाही घाई नको.

कामाची किती वर्षं झाली ते मोजा. साडेचार वर्षं झाली असतील तर पाच पूर्ण करा. आपल्या उदाहरणात त्या थोड्या महिन्यांची किंमत ३७,५०० रुपये ग्रॅच्युइटी आहे. ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर तुमचा नियम वेगळा असू शकतो, तो विचारून घ्या. पीएफचे पैसे लगेच काढून धंद्यात घालू नका. युएएन तोच राहतो, आणि दहा वर्षांची नोकरी भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. राजीनामा लेखी द्या, नोटिशीचे दिवस पूर्ण करा, अनुभवाचा दाखला घ्या. भांडून निघू नका. परत जायची वेळ आली तर दार उघडं राहिलेलं बरं.

ईएसआय गेल्यावर दवाखान्याची सोय आधी पाहा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार जुळतात का ते तपासून ठेवा. बँकेत वर्षाला ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे. चाळिशीच्या आतल्या ताईंसाठी अटल पेन्शन योजना आहे. मालक जे भरत होता, ते आता आपण भरायचं.

आणि पगाराचं खातं बंद करू नका. स्वतःच्या नावाचं खातं, स्वतःच्या नावाची कमाई, ही नोकरीने दिलेली मोठी गोष्ट आहे. धंदा सुरू झाला की पैसा घरच्या डब्यात जातो आणि "तुझी कमाई कुठे दिसते?" असं ऐकावं लागतं. धंद्यातूनही दरमहा ठरलेली रक्कम आपल्या खात्यात आपला पगार म्हणून टाका.

साल संपलं आणि आकडा रेघेपर्यंत पोहोचलाच नाही, तर? तर नोकरी हातात आहे, गाठीला पैसे आहेत, आणि एक धंदा आतून माहीत झाला आहे. त्यात हरण्यासारखं काही नाही. कदाचित पुढचं साल दुसरं काम करून पाहाल. कदाचित मैत्रिणीबरोबर भागीत कराल. कदाचित असंही लक्षात येईल की आठवड्यातल्या त्या दोन संध्याकाळींमुळेच नोकरीवरचा कंटाळा कमी झाला, आणि दोन्ही चालू ठेवणं हेच बरं.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. "काम नको," "माणसं नको," "पैसा कमी," "शरीर थकलं." यांपैकी आपलं कारण कोणतं? प्रत्येकीने एकच सांगावं.

२. ज्यांना पगार आहे त्यांनी पावती आणावी. हातात पडणारा आणि न दिसणारा, असे दोन्ही आकडे गटाने मिळून काढावेत.

३. आपल्या गावात उन्हाळा, हिवाळा आणि पावसाळा, तिन्ही हंगामांत विकता येईल असं काय काय आहे? कोणत्या तिघी मिळून ते वाटून घेऊ शकतात?

४. गटातली एखादी ताई एक साल दोन्ही करून पाहणार असेल, तर गट तिला कशात मदत करील? मुलं सांभाळण्यात, माल विकण्यात, की वही लिहिण्यात?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने कोरी वही घेऊन यावं. पहिल्या पानावर दोन रेघा ओढाव्यात आणि आपापले आकडे लिहावेत. बाकीचं साल पुढे लिहीत जाईल.